विटांचं खळं: शेवाळ, सांधे, पांढरी पूड आणि सीलर (चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

समुद्रकाठ

खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, देवगड तालुक्यातलं, समुद्र अर्ध्या किलोमीटरच्या आत. क्षेत्रफळ ४८० चौरस फूट. भाजक्या विटांचे पेव्हर, २० × १० × ६ सेंमी, सिमेंट न लावता वाळूवर बसवलेले. कडेने जांभ्याच्या चिऱ्यांची एक ओळ. दोन पावसाळे झाले आहेत.

आत्ताची अवस्था: उत्तरेच्या बाजूला काळपट-हिरवा थर, पाय सरकतो. पागोळ्यांच्या रेषेत सांधे रिकामे झालेत आणि तिथल्या पाच-सहा विटा बसल्यात. माडाच्या बाजूला सांध्यांतून गवत. दिवाळीपासून विटांवर पांढरी पूड दिसते, झाडली तरी आठवड्यात परत येते.

गवंड्याचा सल्ला असा: ॲसिडने धुवा, सांध्यांत सिमेंट-रेतीचा सुका माल भरा, वरून चकचकीत सीलर (पाणी मुरू नये म्हणून मारायचं द्रावण) मारा. दाबाने पाणी मारणाऱ्या मशीनने धुवायचं का, ॲसिड किती घ्यायचं आणि सीलर कुठला, हे विचारायचं आहे.

चिरेबंदी

ॲसिड नको, सिमेंटचा माल नको, चकचकीत सीलर तर नकोच. साधा सीलरसुद्धा याच वर्षी मारता येईल की नाही, ते ती पांढरी पूड ठरवेल.

कामाचा क्रम महत्त्वाचा. आधी पाण्याची वाट, मग बसलेल्या विटा, मग धुणं, मग वाळवणं, मग सांधे, आणि सगळ्यात शेवटी सीलर. पहिल्या दोन गोष्टी सोडून बाकीचं केलंत तर पुढच्या ऑगस्टमध्ये खळं पुन्हा असंच दिसेल.

पाण्याची वाट म्हणजे तुमच्याकडे पागोळ्या. कौलावरचं पाणी आठ-दहा फुटांवरून एकाच रेषेत पडतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, आणि उतरत्या छपराच्या एका बाजूचं सगळं पाणी त्या वीतभर पट्ट्यात येतं. त्या माऱ्यापुढे सांध्यातली कुठलीच वाळू राहत नाही. सांधा रिकामा झाला की पाणी खालच्या बिछान्यात शिरतं, बिछाना वाहतो, वीट बसते. उपाय दोनच. पन्हळ लावा, नाहीतर पागोळ्यांच्या रेषेतल्या विटा काढून तिथे ४५ सेंमी रुंदीचा खडीचा पट्टा करा: खाली जाळीदार कापड, वर २० ते ४० मिमीची खडी १५ सेंमी जाडीने, आणि विटांच्या बाजूला चिऱ्याची किंवा काँक्रीटची पक्की कड. कड नसेल तर विटा खडीकडे सरकतात आणि सगळेच सांधे रुंदावतात.

उतारही तपासा. दोरी आणि पाण्याची नळी पुरते. दहा फुटांला दोन इंच हवा, घरापासून बाहेरच्या दिशेला. उत्तरेकडचा थर बहुधा सावलीमुळे आहे, पण पाणी साचत असेल तर कितीही धुतलंत तरी थर परत येणार.

गजालवाडी

ह्या खरा आसा. पागोळ्यांखाली पेव्हर टिकणत नाय. पूर्वी तिथे चिऱ्याचीच ओळ असायची, ती उगीच नव्हे.

रसायनकट्टा

ॲसिडबद्दल सविस्तर लिहितो, कारण कोकणात पेव्हर सगळ्यात जास्त त्यानेच खराब होतात.

बाजारात ‘ॲसिड’ म्हणून मिळतं ते हायड्रोक्लोरिक. सिमेंटच्या पेव्हरवर ते वरचा सिमेंटचा थर विरघळवतं. रंग उडतो, बारीक खडी उघडी पडते आणि त्या खडबडीत पृष्ठभागावर शेवाळ दुप्पट जोमाने धरतं. भाजक्या विटेला ते तितकं खात नाही, पण क्लोराईड आत मुरतं. म्हणजे समुद्राच्या वाऱ्याने आधीच मीठ येतंय, त्यात आपण आणखी घालतो. काही विटांमध्ये व्हॅनेडियमचे क्षार असतात, त्यांचे हिरवट-पिवळे डाग दिसतात. त्यांना हे ॲसिड लागलं की डाग तपकिरी होऊन कायमचे बसतात. जांभ्याचं तर लोहच बाहेर येतं आणि चिऱ्यावर पिवळे-तांबडे ओघळ राहतात.

शेवाळासाठी दोन रस्ते आहेत.

पहिला ब्लीचिंग पावडरचा. ताज्या पावडरीत ३० टक्क्यांच्या वर क्लोरीन असतं. १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम घातली की साधारण ०.३ टक्के द्रावण होतं, तेवढं पुरे. ते ढवळून अर्धा तास स्थिर ठेवा आणि वरचं निवळ पाणीच वापरा. तळाचा चुना ओतलात तर वाळल्यावर पांढरे पट्टे दिसतील आणि तुम्ही त्यांना लोणा, म्हणजे ती पांढरी पूड, समजाल. जाड थर आधी ओला करून खराट्याने आणि पत्र्याच्या उलथन्याने काढून टाका, साचलेलं पाणी ओसरू द्या, मग द्रावण शिंपडा. चौरस मीटरला अर्धा लिटर, म्हणजे तुमच्या खळ्याला साधारण २२ लिटर. २० मिनिटं ओलं राहू द्या, ताठ नायलॉनच्या ब्रशने घासा, भरपूर पाण्याने धुवा. सकाळी लवकर करा, उन्हात ते लगेच वाळतं आणि काम करत नाही. तारेचा ब्रश घेऊ नका, त्याचे तुकडे सांध्यात राहून गंजतात.

दुसरा बीकेसीचा, म्हणजे बेन्झाल्कोनियम क्लोराईड. कोळंबी आणि कोंबड्यांच्या औषधांच्या दुकानात ५० टक्क्यांचं मिळतं. एक भाग त्यात तीस भाग पाणी. तुमच्यासाठी १० लिटर पाण्याला ३३० मिली. हे कोरड्या विटांवर फवारून तसंच सोडायचं, तीन-चार दिवसांनी शेवाळ तपकिरी होऊन सुटतं, मग झाडून काढायचं. परिणाम सावकाश होतो, पण ब्लीचपेक्षा जास्त टिकतो. आधी साबणाने धुतलं असेल तर साबणाचा अंशही राहू देऊ नका, साबणामुळे बीकेसी निकामी होतं.

ब्लीच आणि ॲसिड कधीही एकत्र येता कामा नयेत, एकापाठोपाठ एकही नाही. क्लोरीन वायू सुटतो आणि पडवीसारख्या अर्धबंद जागेत तो जिवावर बेतू शकतो. हातमोजे आणि चष्मा दोन्ही वेळी हवेतच.

माडाखाली

आणि विहीर. कोकणात खळ्याचा उतार बऱ्याचदा विहिरीकडे किंवा परसाकडे असतो. यातलं कुठलंच पाणी विहिरीत, तळीत किंवा वहाळात जाऊ देऊ नका. बीकेसी माशांना फार घातक आहे. धुण्याआधी उताराच्या तोंडाशी मातीचा वाफा करून पाणी अडवा. कडेची झाडं आणि तुळस आधी साध्या पाण्याने भिजवून घ्या, म्हणजे मुळं ते द्रावण कमी ओढतात. तुळशीवृंदावनाभोवती हातभर अंतर नुसत्या ब्रशने आणि पाण्याने करा.

गवतासाठी मीठ टाकायचा सल्ला कोणी देईल, तो ऐकू नका. तेच मीठ पांढरं होऊन विटेवर येतं. उकळतं पाणी दोनदा ओता, आठवड्याने मुळासकट उपटा. सांधा भरलेला असेल तर गवत फारसं येतच नाही.

समुद्रकाठ

मशीनचं राहिलं. भाड्याने १२० बार दाबाचं मिळतंय.

चिरेबंदी

भाजक्या विटेवर चालेल, पण पंख्यासारखा फवारा देणारं २५ किंवा ४० अंशांचं तोंड लावा, एक फूट अंतर ठेवा, आणि धार सांध्याला तिरकी जाऊ द्या. सांध्याच्या रेषेत सरळ धार धरलीत तर वाळू तर जातेच, खालचा बिछानाही उचलला जातो. फिरती धार देणारं आणि शून्य अंशाचं तोंड भाड्याच्या पेटीत असतं, ते बाजूला काढून ठेवा. विटेची वरची भाजलेली कातडी एकदा गेली की आतला मऊ भाग उघडा पडतो आणि तो दुप्पट पाणी पितो.

जांभ्याच्या ओळीवर मशीन नकोच. जांभ्यात कठीण लोहाचं जाळं असतं आणि त्याच्या भोकांत मऊ माती. धारेने माती निघून जाते आणि चिरा पोकळ होतो. तिथे ब्रश.

कधी करायचं, हेही सांगतो. धुणं नोव्हेंबरात, सीलर जानेवारी-फेब्रुवारीत. ऑक्टोबरात जमीन खालून ओलीच असते. मे महिन्यात वीट दुपारी तापते, सीलर टेकताक्षणी वाळतो, आत जात नाही, शिवाय विहिरीला पाणी नसतं. थंडीत सकाळी दव असतं, म्हणून सीलर दहानंतर सुरू करून तीनपर्यंत हात थांबवायचा.

रेती_खडी

सांध्यांचा हिशेब देतो. २० × १० च्या विटेला चौरस मीटरमध्ये साधारण १५ मीटर सांधा येतो. सांधा ३ मिमी आणि वरची २५ मिमी खोली भरायची तर चौरस मीटरला सव्वा लिटरपेक्षा थोडी कमी, म्हणजे पावणेदोन-दोन किलो वाळू लागते. तुमचं ४५ चौरस मीटर धरलं तर ८० ते ९० किलो. सांडलवंड धरून ५० किलोच्या दोन गोण्या आणा. पूर्ण ६ सेंमी खोली भरायची असेल तर हिशेब दुपटीहून जास्त, सुमारे २०० किलो.

वाळू कुठली, तर नदीची किंवा क्रशरची धुतलेली, २.३६ मिमीच्या चाळणीतून गेलेली, कडकडीत वाळलेली. मुठीत दाबून सोडली की गोळा राहता कामा नये. बिछान्याची वाळू वेगळी, ४.७५ मिमीखालची, जाडसर.

किनाऱ्यावरची पुळण अजिबात नाही. तिच्यात मीठ आहे, ते हवेतली ओल ओढतं आणि विटेत चढतं. कण गोल, गुळगुळीत आणि एकाच मापाचे असतात, एकमेकांत अडकत नाहीत. शिवाय किनारपट्टी नियमन क्षेत्रातून वाळू उपसणं बेकायदा आहे. चिरेखाणीतला जांभ्याचा चुराही बिछान्याला नको. त्यात चिकणमाती असते, पाणी धरून ठेवतो, पावसात मऊ पडतो. खालच्या पायाला मुरूम-खडीत चालतो, त्याच्या वर नाही.

सुका सिमेंट-माल का नको: खाली वाळूचा बिछाना हलता असतो, वर सांधा ताठ. वर्षभरात सांध्याला बारीक चिरा जातात, त्यातून पाणी शिरतं पण बाहेर पडत नाही. भरताना सिमेंटची पूड विटेच्या छिद्रांत बसते, पहिल्या शिंपणात घट्ट होते, आणि ती काढायला पुन्हा ॲसिडच लागतं. त्यात सिमेंटमधला चुना वर येऊन पांढरा थर देतो. आणि बसलेली एक वीट काढायची तर शेजारच्या चार फुटतात.

बसलेल्या विटा आधी उचला. दोन चपट्या पट्ट्या दोन बाजूंनी घालून एक वीट वर ओढा, बाकीच्या हाताने निघतात. बसलेल्या भागाच्या कडेने एक-दोन ओळी जास्त काढा. पाया ठोकून घ्या, बिछाना ३० मिमी पसरून फळीने ओढा आणि विटा शेजारच्यांपेक्षा ५ ते ८ मिमी उंच बसवा. रबरी हातोड्याने ठोकल्या की त्या पातळीला येतात. खाली पोकळी सापडली तर घुशीचं बीळ आहे का ते बघा. असेल तर नुसती वाळू ओतून उपयोग नाही, बीळ खडीने ठासून भरावं लागतं.

किनारा_७

पॉलिमर वाळू घालावी का? पाणी शिंपडलं की घट्ट होते ती.

रेती_खडी

कोरड्या हवेत उत्तम वस्तू. इथे तीन अटी सांभाळाव्या लागतात: सांधा तळापर्यंत कोरडा, विटेचा वरचा भाग पूर्ण झाडलेला, आणि नंतर २४ तास पाऊस किंवा दव नाही. यातली एक चुकली की विटेवर दुधी पापुद्रा येतो आणि तो गरम पाणी ओतून ब्रशने घासावा लागतो. फेब्रुवारीत दुपारी करणार असाल तर करा. पागोळ्यांच्या रेषेत आणि जांभ्याच्या शेजारी नको. जांभ्याच्या भोकांत पूड बसली की निघत नाही.

साधी वाळू असेल तर ती तिरक्या दिशेने झाडत भरा, विटा ठोका, पुन्हा झाडा. तीनदा. पहिल्या पावसानंतर सांधे १० मिमी खाली जातात, हे ठरलेलं, म्हणून आणखी एक गोणी घरात राखून ठेवा.

रसायनकट्टा

आता पांढरी पूड. आमच्याकडे सरसकट ‘लोणा’ म्हणतात, पण प्रकार वेगळे आहेत. थोडी पूड काचेवर घेऊन पाण्याचा थेंब टाका. विरघळली तर ती विटेतली सल्फेटं किंवा समुद्राचं मीठ. विरघळली नाही आणि व्हिनेगरने फेसाळली तर चुना, म्हणजे जवळपास कुठेतरी सिमेंट आहे. विरघळणारी पूड पाण्याने धुवायची नाही. पाणी ती परत आत नेतं आणि वाळताना पुन्हा बाहेर आणतं. कोरड्या ब्रशने झाडा, सुपलीत गोळा करा, बाहेर टाका. पुन्हा आली, पुन्हा तेच. खालची ओल कमी झाली की ती थांबते. खळ्याची एकदा स्वच्छ धुलाई मात्र गोड्या पाण्याने करायची, म्हणजे वरचं समुद्राचं मीठ जाईल. बोअरचं पाणी मचूळ असेल तर तेही नको.

आणि पूड येत असताना सीलर मारायचा नाही, हे ठळक अक्षरांत घ्या. खालून ओल आणि मीठ येतच राहतं. सीलरने वरचे काही मिलिमीटर पाण्याला बंद होतात. मग पाणी त्या थराच्या खाली वाळतं आणि मीठ तिथेच स्फटिक होतं. स्फटिक वाढला की विटेची वरची कपची उडते. आधी नुसती दिसायला वाईट असलेली वीट मग खरोखर मरते. चकचकीत ॲक्रिलिकच्या थराखाली हेच आणखी लवकर होतं, आणि त्याआधी थर पांढरा धुरकट पडतो, फोड येतात. वर तो पावसात निसरडा असतो. म्हाताऱ्या माणसांच्या घरापुढे तो असूच नये.

चिरेबंदी

तपासायचं असं. दीड फूट बाय दीड फूट जाड प्लास्टिक, चारही कडा चिकटपट्टीने बंद, तीन-चार ठिकाणी, संध्याकाळी लावून सोळा तासांनी उघडा. आतून थेंब किंवा विटेचा रंग गडद, तर थांबा. कोरडं आणि चार आठवडे पूड नाही, तर सीलर मारायला हरकत नाही.

विटेला सिलोक्सेनचा भेदक, म्हणजे आत मुरणारा सीलर, पाण्यातला. नुसता सिलेन (सिलोक्सेनच्याच जातीचं रसायन) काँक्रीटला चांगला, त्याला चिकटायला काँक्रीटमधली अल्कली मदत करते, भाजक्या विटेत ती नसते. डबा निवडताना ‘चमक देणार नाही, श्वास घेऊ देतो’ असं लिहिलेलं बघा. चौरस फुटांच्या दाव्यांवर जाऊ नका, कोपऱ्यात एक चौरस मीटर मारून मोजा. विटेला साधारण लिटरला ४ चौरस मीटर जातो. पहिल्या हाताला ११ लिटर, दुसऱ्याला त्याच्या निम्मा. २० लिटरचा एक डबा पुरेल.

फवारणीच्या पंपाने, कमी दाबावर, एका टोकापासून. आंब्याला वापरलेला पंप घेऊ नका, कीटकनाशकाचा अंश आणि तेलकटपणा राहतो. पृष्ठभाग ओलसर चमकेल इतकं मारा. दुसरा हात पहिला ओला असतानाच, दहा-वीस मिनिटांत. पहिला वाळला की तो दुसऱ्याला आत घेत नाही. खोलगट जागी साचलेला सीलर लगेच रोलरने पसरवा, नाहीतर तिथे काळे डाग राहतात. चोवीस तास कोणी चालायचं नाही.

हा सीलर वाळू धरून ठेवत नाही, शेवाळही पूर्ण थांबवत नाही. वीट पाणी कमी पिते, त्यामुळे थर उशिरा धरतो आणि लवकर निघतो, एवढंच त्याचं काम. एक-दोन वर्षांत पाण्याचे मोती दिसेनासे होतात, म्हणून लगेच पुन्हा मारू नका. तांब्याभर पाणी ओता. वीट गडद होऊन पाणी पिऊ लागली, तेव्हाच दुसरी वेळ.

माडाखाली

जांभ्याच्या ओळीला सीलर मारायचा का?

चिरेबंदी

नाही. जांभा इतका भोकाळ असतो की लिटरला दीड-दोन चौरस मीटरच होतात, आणि तरी भोकं उघडीच राहतात. कोकणातल्या पाखाड्यांना, म्हणजे चिऱ्यांच्या पायवाटांना, कोणी काही लावलेलं नाही. त्या टिकतात त्या उतारामुळे आणि चिऱ्याच्या खडबडीतपणामुळे. दरवर्षी नोव्हेंबरात ब्रश, तेवढं पुरे.

किनारा_७

डागांचं कोणी लिहिलं नाही. झोपाळ्याच्या पायांचा गंज, आमसुलं वाळवतानाचा रस, तेल.

रसायनकट्टा

गंजाला ऑक्झॅलिक ॲसिड, लिटरला ५० ग्रॅम, वीट आधी ओली करून, दहा मिनिटं, मग भरपूर पाणी. विषारी आहे, मुलं आणि जनावरं लांब. जांभ्यावर वापरू नका, ते चिऱ्याचंच लोह विरघळवून फिकट चट्टा पाडतं. तेलावर मुलतानी माती पाण्यात कालवून बोटभर जाड लेप, वर प्लास्टिक, दुसऱ्या दिवशी खरवडा, मग गरम पाण्यात धुण्याचा सोडा. कोकमाचा आणि पानांचा डाग बहुतेक वेळा वरच्याच ब्लीचच्या द्रावणाने फिका होतो. हे सगळं सीलरच्या आधी. सीलर लागलेला डाग काढणं फार कठीण.

समुद्रकाठ

चार ठिकाणी प्लास्टिक लावलं. दक्षिणेचे दोन आणि मधला कोरडे. उत्तरेच्या चौथ्याखाली थेंब. पूड पाण्यात विरघळते.

चिरेबंदी

मग उत्तरेचा पट्टा या वर्षी सोडा. पन्हळ किंवा खडीचा पट्टा आधी करा, बसलेल्या विटा उचला, सगळे सांधे भरा. बाकीच्या भागावर चार आठवडे पूड आली नाही तर फेब्रुवारीत सीलर. कोरड्या आणि सोडलेल्या भागाची सीमा विटांच्या पूर्ण ओळीवर ठेवा, मध्येच नको. उत्तरेकडे पुढच्या जानेवारीत पुन्हा प्लास्टिक लावून बघा. पावसाळ्यात तिथे चालायचं असेल तर माडाच्या झावळ्या अंथरा, फक्त आठवड्याला उचलून पालट करा, नाहीतर त्यांच्याखालीच शेवाळ वाढतं.